लाज वाटेपर्यंत

मधल्या सुट्टीत धुडकूची टोपी शाळेच्या कौलांवर जाऊन पडली की समोरचा शिंपी हातातली शिलाई ठेवून जेवायला उठत असे, इतकी ती वेळ ठरलेली. टोपी फेकणारा सुमेरमल हा कापडवाले हस्तीमल शेट यांचा मुलगा. धुडकूपेक्षा वीतभर उंच आणि दोन विती रुंद. टोपी गेली की धुडकू रडे. रडणं ऐकून वैशंपायन मास्तर छडी घेऊन बाहेर येत. टोपी फेकली म्हणून सुमेरला दोन आणि शाळेची शांतता मोडली म्हणून धुडकूला एक, असा त्यांचा न्याय होता. मग कुणीतरी काठीनं टोपी खाली पाडे आणि भूगोलाचा तास सुरू होई. या व्यवस्थेला फक्त धुडकूची हरकत होती, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

गाव तापीकाठचं, शहाद्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. श्रावणात एके दिवशी धुडकूची आजी तापीबाई म्हशी नदीवर नेता नेता शाळेच्या अंगणात वळली. म्हशीही वळल्या. त्यातल्या एकीनं खिडकीतून वर्गात तोंड घातलं, तेव्हा मास्तर पाढे थांबवून बाहेर आले.

"मास्तर, पोऱ्या रोज रडत घर येस," तापीबाई म्हणाली. "रडानंच शे ते म्हशीसमांगे रडी. म्हशीस्ले काही वाटत नही."

मास्तरांनी तिला सांगितलं की मुलगा हुशार आहे, तापी नदीचा नकाशा डोळे मिटून काढतो. तापीबाईनं वळून नदीकडे पाहिलं. नदी तिथंच होती.

"आते एक डाव बी रडत उना," ती म्हणाली, "का शाळा बंद. म्हशी त्याना अन तो म्हशीसना."

हे सगळं धुडकूनं वर्गातून ऐकलं. त्याला शाळा आवडत असे. नकाशातली तापी निळ्या खडूनं काढायची असते आणि तिच्यात म्हशी काढायच्या नसतात, हे त्याला विशेष आवडत असे.

वैशंपायन मास्तर आषाढात धुळ्याला शिक्षकांच्या वर्गाला जाऊन आले होते. तिथं एका विद्वान गृहस्थांनी सांगितलं होतं की छडीनं भांडण मिटत नाही, लोणच्यासारखं आत मुरतं. मुलांना आपली भांडणं आपण मिटवायला शिकवलं पाहिजे, अपराध्याच्या मनातली लाज जागी केली पाहिजे. मास्तरांना ते मनापासून पटलं होतं. पण छडी हाताशी होती, म्हणून अमलात आणायचं राहून गेलं होतं. तापीबाई गेल्यावर त्यांनी छडी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि मुलांना नवा नियम सांगितला. मार खाल्ला तर उलट मारायचं नाही आणि रडायचंही नाही. मारणाऱ्याच्या दारात जाऊन शांत बसायचं. अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. त्याला लाज वाटली, त्यानं मनापासून क्षमा मागितली, की उठायचं. त्या वर्षी सत्याग्रह चालू होता आणि सगळ्या देशातच जो तो कुणाच्या ना कुणाच्या दारात बसत होता, त्यामुळे मुलांना कल्पना नवी वाटली नाही.

धुडकूनं हात वर केला. "गुर्जी, किती येळ बसानं?"

"त्याला लाज वाटेपर्यंत."

"अन त्याले नहीच वाटनी ते?"

"वाटते," मास्तर म्हणाले. "माणूस आहे."

सगळ्या वर्गानं वळून सुमेरकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टोपी कौलांवर गेली आणि वर पाठीत एक रपाटा बसला. धुडकूनं गाल फुगवून रडं आत धरलं. शाळा सुटली तसा तो बोडक्यानंच बाजारपेठेत गेला आणि हस्तीमल शेटच्या ओट्यावर जाऊन बसला. पुढं दुकान, मागं घर, आणि दोन्हींना मिळून तो एकच ओटा होता. थोड्या वेळानं सुमेर आला. लाज वाटते का हे त्यानं दाराशी क्षणभर थांबून पाहिलं. वाटत नव्हती. मग तो धुडकूला ओलांडून आत गेला, दप्तर टाकलं आणि नदीवर पोहायला निघून गेला.

सुमेरची आई रूपकंवरबाई मोठ्या धर्मशील होत्या. त्या चातुर्मासात त्यांनी थानकात उतरलेल्या जैन साध्वी महासतीजींपुढं हात जोडून नेम घेतला होता की दारात कुणी उपाशी असताना आपण घास घ्यायचा नाही. नेम तसा सोपा होता. गावात मागणारे फार नव्हते, आणि होते त्यांना त्या सकाळीच वाढून मोकळ्या होत. शिवाय त्या घराला चोविहार असे, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. हे दोन नेम कधी एकमेकांसमोर येऊन उभे राहतील असं रूपकंवरबाईंना वाटलं नव्हतं. नेम घेताना माणूस भाविक असतं, हिशेबी नसतं.

उन्हं कलली तशा त्या गाईची भाकरी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांना धुडकू दिसला.

"बेटा, जीमियो के?"

"नही."

"तो जीम ले."

"जमत नही, मावशी. सुमेरले लाज वाटाले जोयजे."

असं कधी होईल म्हणून त्यांनी विचारलं. ते गुर्जींनी सांगितलं नाही, असं धुडकू म्हणाला. त्यांनी ताट आणून पुढं ठेवलं. धुडकूनं ताटाकडे नीट पाहून घेतलं आणि तोंड फिरवलं. हस्तीमल शेट दुकानातून उठून आले. घरची बाई उपाशी असताना शेट जेवले, ही बातमी बाजारात गेली तर तिला भाव चांगला आला असता, म्हणून त्यांनाही जेवता येईना. त्यांनी दुकानातला माणूस नदीवर पिटाळला. तिकडे सुमेर चिंचेच्या झाडावर होता. त्याला कान धरून आणीपर्यंत सूर्य त्याच चिंचेच्या शेंड्याला टेकला होता.

सुमेरनं हात जोडले आणि "मिच्छामि दुक्कडम्" म्हटलं. दर संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, तो सगळ्या आळीत घरोघर हे म्हणत असे, आणि त्यानंतर गोड मिळतं हे ठाऊक असल्यामुळे फार भरभर म्हणत असे.

धुडकूनं त्याचं तोंड निरखून पाहिलं. "नही. लाज नही वाटनी."

सुमेरनं पुन्हा म्हटलं. पुन्हा वाटली नव्हती. रूपकंवरबाईंनी सूर्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. आईचे डोळे पाहून सुमेरची मान खाली गेली आणि पुढचे शब्द त्याच्या तोंडून हळूच बाहेर पडले.

"आते वाटनी," धुडकू म्हणाला आणि ताटावर बसला.

लापशी होती, आणि तिच्यावर तुपाची धार होती. धुडकूपाठोपाठ शेट जेवले. रूपकंवरबाईंनी शेवटचा घास घेतला तेव्हा सूर्याची नुसती कड पाण्यावर उरली होती. सुमेरचं ताट वाढायला घेतलं आणि तीही गेली. नेम सगळ्या घराचा असल्यामुळे सुमेर तसाच निजला.

दुसऱ्या दिवशी टोपी धुडकूच्या डोक्यावरच राहिली. शिंप्याला जेवायला उशीर झाला. मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले की पद्धत यशस्वी झाली, छडीनं वर्षभरात झालं नाही ते एका संध्याकाळी झालं. सरलाबाई वाती वळत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लापशी कुणी खाल्ली?"

मास्तर म्हणाले, मुद्दा तो नाही.

मुलांच्या मते मुद्दा तोच होता. आठवडा उलटायच्या आत तुपाच्या धारेची बातमी शेवटच्या बाकापर्यंत पोचली आणि मधल्या सुट्टीत सुमेरभोवती पोरं गोळा होऊ लागली. "सुमेर, एक रपाटा मार ना, भो." सुमेर हात काखेत घालून उभा राही. उपाशी झोपेची धास्ती त्यानं इतकी घेतली होती की त्याला माशीसुद्धा मारवत नव्हती. मग पोरांनी त्याच्या अंगावर पडायला सुरुवात केली. काही त्याच्या सावलीला अडखळून पडली. एकानं आपलं डोकं आपणच खांबावर आपटून घेतलं, कारण खांबाच्या पलीकडे सुमेर उभा होता. तरीही तो हात उचलेना, तेव्हा त्याला सरळच सांगण्यात आलं. "नही मारशी ते तूच मारं आशे सांगसूत."

संध्याकाळी हस्तीमल शेटच्या ओट्यावर पोरांची रांग लागे. पहिल्या दिवशी ती ओट्यावर मावली. पुढं ती पायऱ्यांवर उतरली. रूपकंवरबाईंची तक्रार नव्हती. मुलाची कर्मं झडताहेत आणि आपल्या हातून अन्नदान होतंय, अशा दोन्ही बाजूंनी त्यांना समाधान होतं. त्या दुपारपासूनच चुलीशी बसत. अडचण एवढीच होती की सुमेरनं क्षमा मागितल्याशिवाय कुणी ताटावर बसत नसे, आणि प्रत्येकाला वेगळी क्षमा हवी असे. सगळ्यांची क्षमा मागून सुमेर हात धुवायला जाई तेव्हा नदीवर अंधार पडलेला असे. त्याची चड्डी कंबरेला सैल होऊ लागली. आईनं तिला नाडीची गाठ मारून दिली आणि तपानं शरीर हलकं होतं असं सांगितलं.

त्यात पोरांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या होत्या. त्या दिवसांत विलायती कापडाच्या दुकानांपुढं पांढऱ्या टोप्या घालून माणसं बसत, म्हणून डोंगरातून बाजाराला आलेली गिऱ्हाइकं लांबूनच हात जोडून परत फिरली. हस्तीमल शेटनी सगळी विलायती मलमल खाटेखाली घातली आणि पुढं नुसतं जाडं देशी मांजरपाट मांडलं. पण टोप्या हलेनात. एक दिवस शहाद्याहून आलेला एक स्वयंसेवक ते दृश्य पाहून गहिवरला. इतक्या लहान वयात इतका निश्चय त्यानं पाहिला नव्हता. तोही रांगेच्या शेवटी बसला. सुमेरनं त्याचीही क्षमा मागितली. का मागितली हे स्वयंसेवकाला कळलं नाही, पण लापशी त्यानं खाल्ली.

या सगळ्यात एक धुडकू तेवढा कोरडा राहिला. सुमेर त्याला सर्वांत जास्त भिऊ लागला होता. धुडकू दिसला की तो भिंतीपलीकडे जाई. टोपी कौलांवर जात नव्हती, रपाटा बसत नव्हता, आणि मार न खाता खोटं सांगून बसणं धुडकूला जमत नव्हतं. ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो रोज घरी जाऊन ज्वारीची भाकरी खात होता आणि इतर पोरं त्याला लापशीचं वर्णन ऐकवत होती. नवमीच्या संध्याकाळी त्याला ते सहन झालं नाही. तो रडत घरी गेला.

"कोनी मारं?" तापीबाईनं विचारलं.

"कोनी बी नही मारं."

"मंग काब रडस?"

"म्हनीसनच."

तापीबाईनं फार खोलात न जाता खुंटीवरची काठी काढून त्याच्या उशाशी ठेवली. रडणं ते रडणं. दशमीला जाऊन मास्तरांच्या पाया पड, असं तिनं त्याला बजावलं. "एकादशीपाईन म्हशी."

दशमीला सकाळी सुमेर मास्तरांच्या टेबलाशी आला. चड्डी एका हातानं धरलेली होती. आपल्याला सगळी पोरं त्रास देतात, असं त्यानं सांगितलं. मास्तर प्रसन्न झाले. त्यांनी विचारलं, की मग नियम काय आहे? त्रास देणाऱ्याच्या दारात जाऊन बसायचं.

"कोना दारमा बसू, गुर्जी?" सुमेर म्हणाला. "सगळा ते मन्हाच दारमा बठेल शेतस."

हा प्रश्न धुळ्याला निघाला नव्हता. मग मास्तर म्हणाले, की शांतपणे विचार कर, हे सगळं कुणी सुरू केलं ते शोध, आणि त्याच्या दारात बस. सुमेर जागेवर गेला. त्यानं दिवसभर विचार केला. त्यामुळे त्याची त्रैराशिकं चुकली.

संध्याकाळी मास्तर घरी हातपाय धुऊन पाटावर बसले. बराच वेळ झाला तरी ताट येईना. सरलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. चातुर्मासात त्यांचा नेम होता, की आधी अतिथी, मग यजमान आणि शेवटी आपण. जेवताना त्या मौन पाळत. एरवीही त्या फार बोलत नसत.

"अहो, पायरीवर हस्तीमल शेटचा मुलगा बसलाय. उपाशी आहे."

"मग वाढ त्याला."

"तो घेत नाही. म्हणतो, तुम्हाला लाज वाटली पाहिजे."

"मला?"

"असं तो म्हणतो."

मास्तर बाहेर आले. त्यांनी सुमेरला समजावून सांगितलं की नियम मुलांमुलांसाठी आहे, गुरूच्या दारात शिष्यानं असं बसणं वेगळं. सुमेरला ते सगळं पटलं. तो बसून राहिला. मास्तर आत येऊन म्हणाले, थोड्या वेळानं भूक लागली की उठेल. सरलाबाईंनी हळूच आठवण दिली की या मुलाला उपाशी राहायची आता सवय आहे. सूर्य मावळला की तो उद्यापर्यंत जेवणार नाही, म्हणजे तोवर तुम्हालाही वाढता येणार नाही. आणि उद्या एकादशी आहे, चुलीवर भात चढणार नाही. मास्तर पुन्हा बाहेर आले.

तेवढ्यात धुडकू पाया पडायला आला. बाजारातून येताना तो एक बातमी घेऊन आला होता. हस्तीमल शेटच्या ओट्यावर पोरं वाट पाहून पाहून उठली. सुमेर क्षमा मागायला येत नाही म्हटल्यावर सगळी आपापल्या घरी जेवायला गेली. त्यांचा मार खोटा असला तरी भूक खरी होती. रूपकंवरमावशींना कितीतरी दिवसांनी सावकाश जेवताना त्यानं पाहिलं होतं. एवढं सांगून त्यानं मास्तरांना नमस्कार केला, उद्यापासून आपण म्हशींमागे आहोत असं सांगितलं, आणि जागा होती म्हणून सुमेरशेजारी पायरीवर बसला.

मास्तरांनी आकाशाकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "माझ्या योजनेत काही उणीव राहिली असेल, आणि तिच्यामुळे कुणास त्रास झाला असेल, तर त्याबद्दल मी दिलगीर आहे."

सुमेरनं धुडकूकडे पाहिलं. धुडकूनं मास्तरांचं तोंड निरखलं.

"नही वाटनी," तो म्हणाला.

मास्तर पायरीवर बसले. वर्षभरात ते या दोघांच्या इतक्या जवळ छडीशिवाय कधी बसले नव्हते. त्यांनी विचारलं, "सुमेर, तू याची टोपी का फेकायचास रे?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सुमेरनं नाडीची गाठ सोडली, पुन्हा मारली.

"तो सुट्टीमा बी निसता नकाशा काढस. मन्हासंगे खेये नही."

"तू मले बलावं कव्हय?" धुडकू म्हणाला.

"टोपी फेकी ना," सुमेर म्हणाला. "रोज फेकी."

मास्तरांना शाळा सुरू झाल्यापासूनचे सगळे दिवस आठवले. रोज एक मुलगा दुसऱ्याला खेळायला बोलावत होता, आणि रोज ते बाहेर येऊन बोलावणाऱ्याला दोन आणि ज्याला बोलावलं त्याला एक छडी मारून आत जात होते. त्यांनी चष्मा काढला. चुलीत ओल्या गोवऱ्या होत्या आणि धूर फार होता, असं ते पुढं सांगत.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

धुडकूनं बराच वेळ पाहिलं. सूर्य बोटभर वर होता.

"आते वाटनी," धुडकू म्हणाला.

सरलाबाईंनी ताटं आधीच वाढून ठेवली होती. वरणभात, काकडीची कोशिंबीर. चातुर्मासामुळे कांदालसूण दोन्ही धर्मांना वर्ज्य, त्यामुळे विचारायचं काही नव्हतं. पोरं शेजारी शेजारी बसून जेवली. सूर्य असताना जेवायचं सुमेरला आता इतकं नवं होतं की तो मध्ये मध्ये दाराबाहेर पाहून खात्री करून घेत होता. मागोमाग मास्तरांचं ताट आलं, आणि शेवटी सरलाबाई आपलं पान घेऊन भिंतीकडेला बसल्या.

इतक्यात अंगणात म्हशी आल्या. त्यांच्यामागे काठी घेऊन तापीबाई होती. नदीवरून परतताना नातवाला शोधत ती इथवर आली होती. तिनं दारातून आत नजर टाकली.

"रडना का रे आज?"

"नही, मोठी माय," धुडकू म्हणाला. "आज गुर्जी रडनात."

तापीबाईनं मास्तरांकडे पाहिलं. ते उपरण्याच्या टोकानं डोळे पुसत होते. ती बोलल्या शब्दाची बाई होती, आणि नियम तिचाही एकच होता. तिनं हातातली काठी मास्तरांच्या बाजूला भिंतीशी टेकवून ठेवली.

"मंग मास्तर," ती म्हणाली, "एकादशीपाईन तुम्ही येतस का म्हशीसमांगे?"

मास्तरांनी मदतीसाठी सरलाबाईंकडे पाहिलं. पण त्यांनी नुकताच पहिला घास घेतला होता, आणि जेवताना त्यांचं मौन असे.